ओवाळणीच्या ताटातला कागद

पत्र थोडक्यात असं. लिहिणाऱ्या बाई साठीच्या. सासर डोंबिवलीचं, माहेर म्हणजे लालबागच्या एका चाळीतली १६० चौरस फुटांची खोली. वडील गिरणीत होते. खोली पागडीची. १९९८ मध्ये वडील गेल्यावर भाडेपावती आईच्या नावावर झाली. आई गेल्या माघात गेली. धाकटा भाऊ पहिल्यापासून तिथेच राहतो, आता बायकामुलांसह. चाळीचा पुनर्विकास ठरलाय आणि खोलीच्या बदल्यात ४०५ चौरस फुटांचं घर मिळणार आहे. यंदाच्या भाऊबीजेला भावाने ओवाळणीच्या ताटात पाकीट ठेवलं आणि पाकिटाखाली घडी घातलेला कागद. 'ताई, जरा सही कर, बिल्डरकडे द्यायचाय.' चष्मा घरी राहिला होता, म्हणून बाईंनी 'नंतर करते' म्हटलं. त्यावर भाऊ हसून म्हणाला, 'तू एवढी अध्यात्मातली, तुला गं काय करायचंय या सगळ्याचं?'

बाई नऊ वर्षं गुरुवारच्या सत्संगाला जातात. तिथे सांगतात, सोडून द्या, हिशेब वर होतो. बाई विचारतात, 'हे पटतं, पण सुटत नाही. जपाला बसलं की माळेच्या मण्यामण्यावर भावाचा चेहरा येतो. इतक्या वर्षांची साधना वाया गेली का? सही करून एकदाची मोकळी होऊ का? नाही केली तर माहेर तुटेल.'

ताई,

तुमच्या साडेचार पानी पत्रात 'सोडणं' किती वेळा आलंय ते मी मोजायला घेतलं आणि बाराव्या वेळी मोजणं सोडून दिलं. सोडावं, सुटत नाही, सोडवत नाही, सोडायला हवं. पण नेमकं काय सोडायचं ते साडेचार पानांत कुठेच नाही. असणार कसं? कागद तुम्ही वाचलेलाच नाही.

तेव्हा आधी चष्मा. भावाला फोन करून कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा. 'वाचते आणि सांगते', एवढंच बोला, कारणं देत बसू नका. आला की मोठ्याने वाचा, यजमानांना ऐकू जाईल असं. तो साधा ना हरकतीचा कागद असू शकतो, म्हणजे 'सदर खोलीची भाडेपावती माझ्या भावाच्या नावे करण्यास माझी हरकत नाही' एवढाच. किंवा हक्कसोडाचा असू शकतो, आणि हक्कसोडाच्या कागदाला बरेचदा शेवटी शेपूट असतं, 'तसेच आईवडिलांच्या इतर सर्व स्थावर-जंगम मिळकतीवरील'. तुम्ही ओघात लिहून गेलात की सिंधुदुर्गात गावी वडिलांच्या वाट्याचं घर आहे आणि आंब्याची नऊ कलमं आहेत. त्या शेपटाला बांधून ती नऊ कलमंही जातात. भावाने ते मुद्दाम घातलंय असं मी म्हणत नाही. कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडे मजकूर तयार असतो, नावं बदलली की कागद हातात. त्याने स्वतः तरी तो वाचलाय की नाही, देव जाणे.

मी वकील नाही, पण इतकी वर्षं अशी पत्रं वाचून चार गोष्टी डोक्यात बसल्यात. त्यातली पहिली तुम्हाला आवडायची नाही. पागडीची खोली मालकीची नसते, भाडेहक्काची असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सांगतो की भाडेकरू वारला तर त्याच्या कुटुंबातलं जे माणूस त्या वेळी त्याच्यासोबत राहत होतं, त्याच्याकडे भाडेहक्क जातो. तसं कोणी नसेल तर इतर वारस, आणि त्यांचं जमलं नाही तर कोर्ट ठरवतं. आई गेली तेव्हा तिच्यासोबत भाऊ होता आणि तुम्ही डोंबिवलीला. म्हणजे 'अर्धी खोली माझी' हे जे तुम्ही तीनदा लिहिलंय, ते कायद्यात बसेलच असं नाही. मग सही कशाला हवी? कारण मालकाला आणि बिल्डरला उद्या कोणी वारस उगवायला नको असतो. तुमच्या सहीला किंमत आहे, पण अर्ध्या घराची आहे असं धरून चालू नका.

गावचं गणित वेगळं. ती मालकीची मिळकत. वडिलोपार्जित असेल आणि आधी रीतसर वाटणी झालेली नसेल, तर हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा हक्क मुलाइतकाच झालाय, जन्मापासूनचा. वडील १९९८ मध्येच गेले म्हणून आपल्याला काही नाही असं तुमच्या मनात असेल, तर ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तोही प्रश्न मिटवला. ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात असायलाच हवेत अशी अट नाही. आईच्या नावावरचे दागिने आणि बँकेतली ठेव यांतही, तिने मृत्युपत्र केलेलं नसेल तर, तुम्ही दोघं समान. ठेवीवर नॉमिनी भाऊ असला तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, ही गोष्ट आपल्याकडे शिकलेल्या लोकांनाही माहीत नसते.

हे सगळं एकदा वकिलाला दाखवून घ्या. फीची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कुठल्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. १५१०० या क्रमांकावर फोन केलात तर जवळचं कार्यालय कुठे ते सांगतात.

आता तुम्ही म्हणाल, मी विचारलं साधनेचं आणि ही बाई सातबाऱ्यावर जाऊन बसली. बसले खरी. कारण तुकोबाही तिथूनच गेले.

तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. घराण्याची सावकारी, लोकांकडून येणं बाकी, सगळे कागद डोहात. पण परंपरेत ती गोष्ट सांगतात तिला एक मधली पायरी आहे, आणि ती सांगताना लोक घाईत असतात. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, दादा, तुम्ही साधू झालात, मला संसार आहे. तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. कान्होबाचा वाटा त्याच्या हातात दिला. उरलेला, स्वतःचा, तेवढाच पाण्यात टाकला.

म्हणजे बघा, आधी बसून मोजलं. कुठलं आपलं, कुठलं त्याचं, ते वेगळं केलं. भावाला लोभी म्हणाले नाहीत, त्याचे कागद त्याच्यासाठी बुडवून त्याचा उद्धार करायलाही गेले नाहीत. आणि 'तुम्ही साधू झालात' हे वाक्य कान्होबाने उच्चारलं ते स्वतःचा वाटा मागण्यासाठी. तुमच्या भावाने ते उच्चारलं तुमचा वाटा मागण्यासाठी. वाक्य तेच आहे, म्हणूनच ते तुम्हाला इतकं लागलं आणि का लागलं ते सांगता आलं नाही.

माझ्या आत्याची गोष्ट सांगते. तिने १९७० च्या सुमारास माझ्या वडिलांना सही करून दिली होती. दिवाळीच होती तेव्हाही. साडीचोळी झाली, पोटभर जेवण झालं, चटईवर कागद आला. 'मी सोडलं हो सगळं', हे ती नंतर कायम सांगायची. कोणी विचारलेलं नसताना सांगायची. आमच्याकडे आली की खाटेच्या अगदी कडेला बसायची, परक्याच्या घरी बसल्यासारखी, आणि चहा होईपर्यंत मोरीतल्या तांब्याच्या बंबाकडे बघत राहायची. तो बंब तिच्या आईचा, माझ्या आजीचा. आम्ही मुलं त्यात चिंध्या आणि नारळाच्या करवंट्या घालून पाणी तापवायचो. पुढे गीझर आला आणि बंब मोडीत गेला. आत्या ऐंशीची झाली, माणसं ओळखेना, तेव्हा मी भेटायला गेले तर माझा हात धरून म्हणाली, 'बंब नीट आहे ना गं?' मी 'हो' म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

सही करून तिचं काही सुटलं नव्हतं. तिला बंब हवा होता आणि 'तुला काय हवंय?' हे कोणी विचारलं नव्हतं. खोलीचं तिला खरोखरच काही वाटत नसेल, कोण जाणे. सगळं एकाच कागदात सोडायला लावलं आणि त्यात बंबही गेला.

तुमच्या पत्रातला बंब कुठला, ते मी शोधत होते. तुमच्या तीन वाक्यांच्या शेवटी 'पण ते जाऊ दे' आहे. मला वाटतं, उरलेलं पत्र त्या तीन वाक्यांवर घातलेली चादर आहे.

पहिलं वाक्य संपाचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा तुम्ही बारावीला होतात. अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांत तुमचे वडील. संप कागदोपत्री कधी मागे घेतलाच गेला नाही आणि वडीलही पुन्हा गिरणीत गेले नाहीत. तुम्ही कॉलेज सोडून औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागलात आणि लग्न होईपर्यंत चार वर्षं खोलीचं भाडं, रेशन आणि भावाची शाळा तुमच्या पगारातून चालली. 'पण ते जाऊ दे.'

दुसरं, यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन दीड वर्ष पुढे ढकललंय. 'पण ते जाऊ दे.'

तिसरं, शेवटची तीन वर्षं आई अंथरुणाला खिळली होती, तिचं सगळं वहिनीने केलं, तुम्ही रविवारी जाऊन यायचात. 'पण ते जाऊ दे.'

दुसऱ्याबद्दल आधी बोलू, ते सोपं आहे. नवऱ्याच्या गुडघ्यासाठी पैसे लागतात, याला लोभ म्हणत नाहीत. सत्संगात 'पैसा' हा शब्द आला की तुम्ही मान खाली घालता असं दिसतंय. गुडघा दुखणारा माणूस रात्री कूस बदलताना कण्हतो, तो आवाज तुम्ही ऐकताय, आणि तो बंद व्हावा असं तुम्हाला वाटतं. यात लाजायचं काय? ही गरज तुम्ही भावाला सांगितलीय का? पत्रावरून तरी नाही. हिस्सा म्हणून नका सांगू. थोरली बहीण म्हणून सांगा, 'यांच्या ऑपरेशनला कमी पडतंय, तुझ्याकडून किती होईल?' तो काय उत्तर देतो ते बघा. 'नाही' म्हणालाच, तर ते गुडघ्याबद्दलचं 'नाही' असेल. चाळ, आई, चाळीस वर्षं असं सगळं त्यात भरू नका.

तिसरं अवघड. आईचं करता आलं नाही याची टोचणी तुम्हाला आहे, आणि मला वाटतं सहीकडे तुम्हाला सगळ्यात जास्त तीच ढकलतेय. सही केली की त्या तीन वर्षांची भरपाई होईल, असं कुठेतरी वाटतंय. वहिनीने तीन वर्षं बेडपॅन उचलला, चादरी बदलल्या, आईच्या शिव्याही खाल्ल्या असतील. त्याची कृतज्ञता वेगळी व्यक्त करा. तिच्यासाठी काही घेऊन जा, तिचा हात हातात घ्या, तोंडाने म्हणा की तू केलंस ते माझ्याने झालं नसतं. तिला आजवर हे कोणी म्हटलंय का, याची मला शंका आहे. पण ती कृतज्ञता सहीच्या रूपाने नवऱ्याच्या हातात पडली, तर वहिनीपर्यंत पोचणारच नाही. पुन्हा बाईचं केलेलं पुरुषाच्या खात्यावर.

आणि पहिलं. तुम्हाला वाटतंय की भाऊ तुमची ती चार वर्षं विसरला. ताई, तो तेव्हा अकरा वर्षांचा होता. अकरा वर्षांच्या मुलाला एवढंच दिसतं की ताई सकाळी डबा घेऊन जाते आणि रात्री येते. भाडं कोण देतं हे चाळीतली मुलं बघत नाहीत. मोठा झाल्यावर आईवडिलांनी सांगितलं असेल म्हणावं, तर मुलीच्या पगारावर घर चाललं हे गिरणी कामगार आपल्या मुलाला कोणत्या तोंडाने सांगणार? आई सांगती, पण नवऱ्याची अब्रू झाकायची म्हणून तीही बोलली नसेल. आणि तुम्ही? 'पण ते जाऊ दे.' मग त्याला कळावं कसं? जे त्याला कधी कुणी सांगितलंच नाही, त्याबद्दल तुम्ही त्याला वर्षभर मनातल्या मनात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय. तुमचा राग खोटा नाही, पण त्याचा पत्ता जरा तपासून बघा. निम्मा तरी वडिलांच्या नावे निघेल, असं मला वाटतं. थोडा गिरणीमालकांच्याही.

रागाचं विचारलंत, साधना वाया गेली का म्हणून. एकदा लोकांनी टाकून बोलल्यावर खुद्द ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले होते, असं वारकरी परंपरा सांगते. धाकटी मुक्ताबाई बाहेर उभी राहून समजूत घालत होती, तेच ताटीचे अभंग. ज्यांना आपण माउली म्हणतो त्यांनी दार लावून घेतलं, तर डोंबिवलीच्या एका बाईच्या माळेत भावाचा चेहरा आला याचं एवढं काय? मला त्या प्रसंगातलं दारच महत्त्वाचं वाटतं. मुक्ताबाईने ते मोडलं नाही, 'राग कसला करतोस, तू तर ज्ञानी' असा टोमणा मारून निघूनही गेली नाही. दाराशी थांबून बोलत राहिली. तुमच्या घरी मात्र दार लावून बसलेल्या ताईला बाहेरून सांगतायत, तू अध्यात्मातली ना, मग दाराखालून सही सरकव.

जपाचं म्हणाल तर काही दिवस अकरा माळांची एक करा. बसण्याआधी वहीत दहा मिनिटं लिहा, भावाला जे बोलावंसं वाटतं ते, जसं येईल तसं, शुद्धलेखनाची पर्वा न करता. वही कोणाला दाखवायची नाही. मग माळ घ्या. चेहरा आला तर येऊ दे, त्याला हाकलण्यात जेवढी शक्ती जाते तेवढ्यात माळ पुरी होते. आणि एक लक्षात घ्या, आईला जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. ही आईविना पहिली भाऊबीज होती. तुम्ही ओवाळायला बसलात तेव्हा तुमच्या मागे तिची खाट रिकामी होती. त्या दिवशी कोणाच्याही हातून ताटात साधी पत्रिका आली असती तरी डोळ्यांत पाणी आलं असतं.

सत्संगाबद्दल मी वाईट बोलणार नाही. नऊ वर्षं तुम्हाला तिथे बसावंसं वाटतं, तर काहीतरी मिळत असणार. फक्त, समोर दोनशे माणसं असतात तेव्हा बोलणारा दोनशे जणांना पुरेल असं बोलतो. 'सोडून द्या' हे औषध घट्ट धरून बसणाऱ्याचं आहे. गंमत अशी की ते सगळ्यात मन लावून तीच बाई ऐकते जिने कॉलेज सोडलं, पगार सोडला, आवडीची साडी जावेला सोडली. ज्याने ऐकायला हवं तो बाहेर स्कूटरवर बसून फोन बघत असतो, बायकोला न्यायला आलेला.

तर काय करावं? तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं ते सांगते, तुम्ही तसंच करावं असं नाही.

वर्षश्राद्धापर्यंत मी कशावरही सही केली नसती. बिल्डरची घाई ही बिल्डरची असते. तारीख खरंच जवळ आली असेल तर ती कुठली आणि कोणी दिलेली, हे चाळीच्या समितीकडून विचारून घेतलं असतं. भावाला स्पष्ट सांगितलं असतं, 'खोलीच्या ना हरकतीला मी आडवी येणार नाही, पण कागद फक्त खोलीपुरता हवा. गावचं आपण नंतर बसून बोलू. आणि सणाच्या दिवशी सही नको.' हे सांगताना आवाज चढवायचा नाही आणि रडायचंही नाही, म्हणजे फोनवर सांगितलेलं बरं.

खोलीसाठी मी कोर्टात गेले नसते. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात अशा खोल्यांची भांडणं वर्षानुवर्षं चालतात, बहीणभाऊ एकाच बाकाच्या दोन टोकांना म्हातारे होतात. त्यातून तुमची कायदेशीर बाजू लंगडी आणि हाताशी पैसा नाही. पण गावच्या मिळकतीवर, आईच्या दागिन्यांवर आणि ठेवीवर मी आज पाणी सोडलं नसतं. पुढे सोडावंसं वाटलंच तर सोडेन, पण मोजून, नऊच्या नऊ कलमं डोळ्यांनी बघून. कदाचित तेव्हा म्हणेन, आठ तुझी, हापूसचं ते विहिरीकडचं एक माझं. आणि स्थावर मिळकतीचा हक्कसोड करायचा तर तो नोंदणी कार्यालयात जाऊन, नोंदवूनच. कपाटातल्या साध्या कागदावर पुढे भाचरं भांडतात.

हे वाचणाऱ्या इतर बायकांसाठी एक गोष्ट. ज्यांचं माहेर मालकीच्या फ्लॅटमध्ये आहे त्यांनी माझा खोलीबद्दलचा सल्ला उचलू नये. सोसायटीतला फ्लॅट आईवडिलांच्या नावावर असेल तर त्यात मुलीचा वाटा खरा आणि मोठा असतो. वकिलाशिवाय अक्षर लिहू नका. आणि जे भाऊ हे वाचतायत त्यांना विनंती, कागद ताटात ठेवू नका, टेबलावर ठेवा. वेगळ्या दिवशी, चष्मा आणि चहा समोर असताना. बहीण बहुधा तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी मागेल. विचारून तर बघा.

आता माहेर तुटण्याचं. ताई, ती चाळ तशीही जातेय. ती गॅलरी, पोटमाळा, जिथून तुम्ही मे महिन्यात मसाल्याच्या डंकाचा वास घेत अभ्यास करायचात तो जिना, सगळं पाडलं जाणार. वरच्या कुठल्या तरी मजल्यावर लिफ्टने जाऊन बेल वाजवाल, तेव्हा दार कोण आणि कशा चेहऱ्याने उघडेल, हे सहीवर ठरेल असं तुम्हाला वाटतंय. माझा अंदाज वेगळा आहे. न विचारता सही करून द्याल तर दार उघडेल, पण तुम्ही सोफ्याच्या कडेला बसाल.

म्हणून पाडकाम सुरू होण्याआधी एक चक्कर मारा. साध्या वारी, दुपारची. कुठल्याशा सणाला नको, आणि सोबत मामा-काका नकोत. करी रोडला उतरून चालत जा. वहिनीसाठी जे न्यायचं ते न्या, तिच्याशी बोलायचं ते आधी बोलून घ्या. मग भावाला भाडेपावत्यांची पिशवी काढायला सांगा. पागडीच्या प्रत्येक घरात ती असते, प्लास्टिकची नाहीतर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातली, जुन्या पावत्या कोणी फेकत नाही. त्यातल्या १९८२ ते १९८६ च्या वेगळ्या करा. पावत्यांवर नाव वडिलांचंच असेल. गॅलरीत दोन खुर्च्या टाका आणि एकेक पावती हातात घेऊन त्याला सांगा, हे भाडं कोणी, कुठून आणून भरलं ते. किती वाजता उठायचात, पॅकिंगला किती तास उभं राहायचात, पहिल्या पगारातून त्याला काय आणलं होतं. सहीचा विषय त्या दिवशी काढू नका. तो रडला तर रडू द्या, गप्प राहिला तर गप्प राहू द्या.

चष्मा तेवढा आठवणीने न्या, जुन्या पावत्यांची शाई फार फिकट झालेली असते.